जुन्या घराला नवं सामान: काय घ्यावं, काय टाळावं



दिवाळी झाली की आपल्याकडे, लोणावळ्यापासून वडगाव-तळेगावपर्यंत, घरोघरी एकच विषय निघतो. यंदा घराचं काम काढायचं का? भिंतींवर पावसाच्या खुणा ताज्या असतात आणि पुढचा पाऊस यायच्या आत हातात जेमतेम सहा-सात महिने असतात. मग कंत्राटदार येतो, मोबाइलवर चार फोटो दाखवतो आणि म्हणतो, "सगळं पाडून नवीन करू, नाहीतर निदान सिमेंटने मजबूत करून घेऊ." गेल्या दोन वर्षांत तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी मला याबद्दल विचारलं, कारण आमच्या घरी हेच काम चाललं होतं. म्हणून आज सविस्तर लिहिते. मी इंजिनिअर नाही, साधी बी.कॉम. बाई. पण घर सांभाळणारीला घराची भिंत जेवढी कळते तेवढी कोणाला कळत नाही, असं माझं मत आहे.

आधी आपला पाऊस लक्षात घ्या. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शिवाय तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला जे सामान चालतं ते इथे चालेलच असं नाही. आपल्या सासऱ्या-आजेसासऱ्यांच्या काळातली घरं इथल्या पावसासाठीच बांधलेली आहेत. काळा दगड, चुना, सागवान, उतरतं छप्पर आणि पुढे आलेली पागोळी.

आणि आपल्यासाठी ओल ही नुसती आरोग्याची गोष्ट नाही. भिंतीला ओल आली की बुरशी धरते, अंगणात शेवाळ येतं. आपल्या वडीलधाऱ्या बायका त्याला लीलफूग म्हणतात. तो अनंतकाय. एकदा ती आली की घासायची नाही, तिच्यावर पाय द्यायचा नाही. मग चौमासाभर त्याच अंगणातून जायचं कसं, आणि बुरशी आलेल्या भिंतीला टेकून सामायिकाला बसायचं कसं? ओलीच्या मागोमाग वाळवी येते, झुरळं येतात, कोळी येतात. मग कोणीतरी औषध फवारायचा सल्ला देतो. म्हणून मी म्हणते, कोरडं घर हेच जयणेचं घर. जीव उत्पन्नच होऊ द्यायचे नाहीत, म्हणजे पुढची विराधना टळते. सामान निवडताना ही एक कसोटी हातात ठेवली, तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

सिमेंट लावल्यावर भिंतीचं काय होतं

आमचं घर लोणावळ्याच्या जुन्या बाजारभागात, मागच्या गल्लीत आहे. भिंती दीड-दोन फूट जाड, बाहेरून काळा दगड, आत चुन्याचं काम. घराचं वहीखातं सासऱ्यांनी शेवटपर्यंत लिहिलं. त्यात 1986 साली पहिल्यांदा "पश्चिम भिंत, सिमेंट गिलावा" अशी नोंद आहे. पुढे 1998 मध्ये तीच भिंत, 2010 मध्ये पुन्हा तीच भिंत. दर बारा वर्षांनी गिलावा, आणि मधल्या वर्षांत रंगाचे आणि वॉटरप्रूफिंगचे खर्च वेगळे. त्या काळी सिमेंट म्हणजे उत्तम, असं सगळेच मानत. सासऱ्यांनी घराच्या भल्यासाठीच केलं होतं.

मग ओल का थांबेना? हे मला एका जाणकार मिस्त्रींनी समजावलं. काळ्या दगडातून पाणी सहसा शिरत नाही, ते दगडांच्या मधल्या दरजांतून शिरतं. जुन्या दरजा चुन्याच्या. चुना थोडं पाणी घेतो आणि ऊन-वारा लागला की सोडून देतो. वर सिमेंटचा थर चढवला की तो कडक राहतो, भिंत मात्र थंडी-उन्हाने किंचित हलत असते. त्यामुळे सिमेंटला केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट नसते. मग ते आतल्या बाजूने, म्हणजे आपल्या खोलीत निघतं. येताना क्षार घेऊन येतं, त्यालाच आपण लोणा म्हणतो. रंग फुगतो, गिलावा पोकळ वाजतो. वर प्लॅस्टिक पेंट मारला की भिंतीचा उरलासुरला श्वासही बंद.

म्हणून दगड-चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. तो महाग पडतो आणि त्याला वेळ लागतो. चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजतात, मग पाण्यात विरवतात, मुरवतात. गिलाव्याचे थर एकावर एक घाईने देता येत नाहीत, प्रत्येक थर सुकू द्यावा लागतो. पुढे तो हवेतला वायू परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. आम्ही डिसेंबरात काम सुरू केलं आणि अक्षय्य तृतीयेच्या आत बाहेरचे हात संपवले. पाऊस तोंडावर आल्यावर चुन्याचं काम काढू नका, पहिल्याच झडीत वाहून जाईल.

दोन गोष्टी मिस्त्रींना आधीच विचारा. चुन्यात काय मिसळणार? आपल्याकडे गूळ, बेलफळ, हिरडा, ताग असं घालायची रीत आहे, पण काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भागही घालतात. स्पष्ट सांगा, नको. दुसरं, चुना विरवायचा खड्डा उघडा ठेवू देऊ नका, वर बारीक जाळी टाका. विरताना चुना उकळतो, त्यात जीव पडतात. बांधकामाला पाणी मारायचा हौदही झाकून ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी रिकामा करा, म्हणजे डास होणार नाहीत.

पाडायचं की ठेवायचं

आमच्या घरात सगळ्यांचं एकमत मुळीच नव्हतं. भाऊजी आणि पुतण्या, दोघांचं म्हणणं होतं की पाडून आरसीसी बांधू. पुतण्याने मला एक प्रश्न विचारला, त्याने मी दोन रात्री झोपले नाही. "काकू, 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला काय झालं? जाड दगडी भिंतींखालीच माणसं गेली ना?"

खरं होतं. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती कोसळल्यानेच फार माणसं गेली. आणि आपण कोयनेपासून फार लांब नाही. जुनं ते सोनं म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही. घरात सासूबाई राहतात, वय अठ्ठ्याऐंशी. गेली चार वर्षं आषाढ लागला की आम्ही त्यांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेत होतो, कारण पश्चिमेच्या खोलीतल्या ओलीने त्यांचा दमा उसळायचा. त्यांना मात्र चौमासा लोणावळ्यातच हवा. देरासर चार पावलांवर, महाराजसाहेब उपाश्रयात, ओळखीच्या बायका दारावरून जाणार. पुण्याला आठव्या मजल्यावर त्या खिडकीशी बसून राहत. तक्रार कधी केली नाही, पण जेवण निम्म्यावर यायचं. म्हणजे प्रश्न नुसता भिंतीचा नव्हता. त्यांच्या हातात किती चौमासे उरले आहेत, हे कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना कळत होतं. पाडून बांधायचं तर निदान दोन वर्षं गेली असती.

शेवटी आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. माझा सल्ला, कंत्राटदाराच्या आधी यांना बोलवा. फी द्यावी लागते, पण त्यांना सिमेंट किंवा टाइल विकायची नसते. त्यांनी सांगितलं ते असं. किल्लारीकडच्या कितीतरी घरांत दगड मातीत रचलेले होते, आणि भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर एकमेकांना बांधणारे लांब आडवे दगड नव्हते. त्यामुळे पदर सुटे होऊन कोसळले. आमच्या भिंतीत चुना आहे, असे दगडही बऱ्याच जागी आहेत. जिथे नाहीत तिथे भिंतीला भोक पाडून सळईसह काँक्रीटचे बांध घालता येतात. आणि छपराखाली, भिंतींच्या माथ्यावर, चारही बाजूंनी आरसीसीचा एक पट्टा फिरवायचा, म्हणजे सगळ्या भिंती कंबरपट्ट्यासारख्या एकत्र धरल्या जातात. मागची मोरी आणि त्यावरची खोली मात्र खरंच वाईट झाली होती. ती पाडून आरसीसीत बांधा, हेही त्यांनीच सांगितलं.

पुतण्याला हे पटलं, मलाही. नवं सामान वाईट नाही, फक्त त्याची जागा ओळखावी लागते. पाया, बाथरूम, पाण्याची टाकी, भूकंपाचा पट्टा इथे सिमेंट आणि लोखंडच हवं. श्वास घेणाऱ्या भिंतीवर ते नको.

हिशेबाचंही सांगते. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की वस्तूची किंमत तिच्या आयुष्यावर भागायची, त्याला घसारा म्हणतात. आमच्याकडे चुन्याचं कोटेशन सिमेंटच्या जवळजवळ दीडपट आलं. पण सासऱ्यांच्या वहीतले 1986, 1998 आणि 2010 चे खर्च आणि मधले रंग एका कागदावर मांडले, तेव्हा भाऊजीच म्हणाले, "वहिनी, स्वस्त तर तेच निघालं." तुमच्याकडे जुनी वही असेल तर काढून बघा. नसेल तर आजपासून लिहायला घ्या.

छप्पर, लाकूड आणि फरशी

मंगलोरी कौलं 1865 च्या सुमारास मंगळुरात बासेल मिशनने कारखान्यात बनवायला सुरुवात केली आणि पुढे ती कोकण-घाटात सगळीकडे पोचली. म्हणजे आज आपण जिला परंपरा म्हणतो, तीही एके काळी बाजारात आलेलं नवं सामानच होती. कौल भिजतं आणि वाळतं, खालची हवा खेळती राहते. अडचण आपल्या लोणावळ्याच्या माकडांची. ती कौलं फोडतात आणि पावसात ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आम्ही मधला मार्ग काढला. खाली रंगीत पोलादी पत्रा, त्यावर पट्ट्या, वर जुनीच कौलं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, आणि नुसत्या पत्र्यावर पाऊस वाजतो तसा आवाजही होत नाही.

सपाट स्लॅब इथे जपून. लोणावळ्यात फेरी मारा, स्लॅब घातलेल्या कितीतरी घरांवर नंतर पत्र्याची शेड चढवलेली दिसेल. पाणी सळईपर्यंत गेलं की लोखंड गंजून फुगतं आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. मग उतरतं छप्पर पहिल्यापासूनच का करू नये? आणि जुने सिमेंटचे नालीदार पत्रे असतील, तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कापू नका, भोकं पाडू नका, फोडून टाकू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. माहीतगाराकडून आख्खे उतरवून घ्या.

स्वयंपाकघरावर चार काचेची कौलं जरूर बसवा. चौविहार करणाऱ्या घरात संध्याकाळचा उजेड किती मोलाचा, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या मावळाचं काचेशी जुनं नातंही आहे. तळेगावला 1908 मध्ये पैसाफंडाचा काच कारखाना निघाला, लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या निधीतून.

लाकडाबाबत, जुनं सागवान टाकू नका. आमच्या तुळया आणि खांब सुतारांनी तासून पाहिले, आतून खणखणीत. वाळवीला ओल आणि माती लागते. म्हणूनच जुने लोक खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करत. लाकूड मातीपासून वर, कोरडं आणि हवेत राहिलं, की वाळवीचं औषध मारायची वेळच येत नाही. पटत नसेल तर कार्ल्याला जाऊन वर बघा. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या. याच पावसात टिकल्या, कारण डोक्यावर दगड आहे आणि पुढून हवा येते. तिथल्या लेखांत पैसा देणाऱ्या शेठबरोबर दाराचं काम करणाऱ्या एका सुताराचंही नाव कोरलेलं आहे, हे मला फार आवडतं.

सुतारकामात दोन ठिकाणी मात्र नवं सामानच आपलं. पूर्वी सुतार सरस वापरत, तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा. आताचा पांढरा गोंद रसायनाचा असतो, तोच घ्या. आणि फ्रेंच पॉलिश लाखेचं असतं, लाख किड्यांपासून येते. त्याऐवजी पीयू किंवा मेलामाइनचं पॉलिश मागा. रंगाचे ब्रशही डुकराच्या केसांचे असतात, नायलॉनचे मिळतात. रंगारी हसेल, हसू द्या.

फरशी फिक्या रंगाची आणि खरखरीत घ्या. फिक्या फरशीवर मुंगी दिसते, गडद दाणेदार फरशीवर दिसत नाही. चकचकीत फरशी पावसाळ्यात घसरते, आपल्या वयात हाड मोडायला एवढं पुरे. जुन्या शहाबादीचे सांधे उघडे पडले असतील तर भरून घ्या, मुंग्यांची घरं तिथेच होतात. खिडक्यांना बारीक जाळी लावा, म्हणजे दिव्यावर पतंग येणार नाहीत.

थोडं धर्माचं

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये इंगालकर्म, वनकर्म आणि फोडीकर्म आहेत. म्हणजे भट्टीचा, जंगलतोडीचा आणि जमीन फोडण्याचा धंदा. आपण तो धंदा करत नाही. पण वीट भट्टीतून येते, लाकूड जंगलातून, खडी खाणीतून. सिमेंटची भट्टी तर 1450 अंशांपर्यंत तापते. घर बांधायचं तर यातून पूर्ण सुटका नाही, गृहस्थाला आरंभ आहेच. मात्र मर्यादा घालता येते. जो दगड शंभर वर्षांपूर्वी खाणीतून निघाला, जे झाड तेव्हाच तुटलं, ते पुन्हा वापरलं तर नवी हिंसा होत नाही. आमच्या पाडलेल्या मोरीचा दगड आम्ही अंगणाच्या जोत्याला लावला. परिग्रह-परिमाणाचा अर्थ मला इथे नव्याने कळला. आहे ते टिकवणं हाही त्याचाच भाग.

नाणे मावळात पाले गावाजवळ एक छोटं लेणं आहे. तिथला ब्राह्मी लेख अरहंतांना नमस्कार करून सुरू होतो आणि इंद्ररक्षिताने लेणं आणि पाण्याची पोढी करवली असं सांगतो. डोक्यावर छप्पर आणि प्यायला पाणी, दोन हजार वर्षांपूर्वीही दान द्यायचं तर एवढंच सुचलं.

काम काढण्यापूर्वी

कार्ला, भाजे, बेडसे, लोहगड, विसापूर ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. 2010 च्या कायद्याने त्यांच्यापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते. लोहगड 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा भाजे-मळवलीकडच्या मैत्रिणींनी हे आधी तपासावं. बाकीच्यांनी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारावं.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. पाणी कुठून येतं? (ते बंद केल्याशिवाय रंग नको.) भिंत कशाची आहे? (तिला तिच्याच जातीचं सामान हवं.) आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुठल्या खोलीत झोपतं? काम तिथून सुरू करा.

यंदाचा चौमासा सासूबाईंनी लोणावळ्यात काढला. पश्चिमेच्या भिंतीवर पागोळी आम्ही दोन फूट पुढे आणली आहे आणि बाहेरून चुन्याची सफेदी, जी दरवर्षी मारावी लागणार. ते काम राहणारच. श्रावणात एका सकाळी मी खोलीत गेले, तर त्या भिंतीवर तळहात ठेवून उभ्या होत्या. मी विचारलं, "काय बघताय?" म्हणाल्या, "कोरडी आहे." आणि पूंजणी घेऊन खाली बसल्या, सामायिकाची वेळ झाली होती.

तुमच्या घराचं काही विचारायचं असेल तर विचारा. मला माहीत असेल ते सांगेन, नाहीतर आमच्या मिस्त्रींना विचारून कळवेन.

जय जिनेंद्र.